चिकावर पहिला हक्क वासराचा

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर आपण सकाळपासून बोलतो आहोत. आता दहा मिनिटे गोठ्याकडे चला. कापूस बुडाला तर आपण पंचनामा मागतो. गोठ्यात कालवड मेली तर मात्र ‘नशीब’ म्हणतो आणि खड्डा खणतो. तो तोटा कोणाच्याच वहीत चढत नाही. नीट जोपासली असती तर तीच संकरित कालवड तीन वर्षांत व्याली असती. आता तशी गाय बाजारातून आणायची तर कर्ज काढावे लागते.

वासरू पुष्कळदा मरते ते पहिल्या दिवसाच्या चुकीने. आपल्याकडे रीत आहे : वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही. वार पडायला कधी सहा-आठ तास लागतात. तोवर वासरू उपाशी! ही रीत मोडा. रोगाशी लढण्याची शक्ती वासराला आईच्या पोटात मिळत नाही, ती चिकातून मिळते. वासराचे आतडे ती शोषून घेते जेमतेम २४ तास, तेही तासागणिक कमी कमी. २५ किलोच्या वासराला पहिल्या दिवसात अडीच लिटर चीक मिळाला पाहिजे. त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. वासरू लुचू लागले की वार पडायलाही मदतच होते. खरवस करू नका असे मी म्हणत नाही. वासराचे पोट भरून उरेल त्याचा करा.

नाळ शरीरापासून दोन बोटे सोडून स्वच्छ दोऱ्याने बांधा, त्याखाली नव्या ब्लेडने कापा आणि टिंक्चर आयोडीन लावा. गंजलेला विळा नको, शेण-माती नको. जंताचे औषध दहाव्या दिवशी डॉक्टरांना विचारून पाजा. म्हशीच्या रेडकाला तर ते चुकवूच नका, कारण गोल जंत त्याला आईच्या दुधातूनच होतात. हगवण लागली तर दूध तोडू नका. मधल्या वेळात मीठ-साखरेचे पाणी पाजा. हगवणीत वासरू मरते ते अंगातले पाणी संपून. वासरू उठेनासे झाले किंवा शेणात रक्त दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

आता आपल्या दोन पिकांचे. सरकीत गॉसिपॉल नावाचे विष असते. मोठ्या जनावराच्या पोटात ते बरेचसे निकामी होते; कोवळ्या वासराच्या पोटाला ती ताकद नसते. म्हणून पहिले तीन-चार महिने सरकीची ढेप नको. दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा, थोडी भुईमुगाची पेंड, कोवळे गवत आणि स्वच्छ पाणी समोर ठेवा. आणि पावसाने ताण दिलेली गुडघाभर ज्वारी, तिचे फुटवे, हे कोणत्याच जनावराला घालू नका. किराळ लागून जनावर तासाभरात जाते.

मायबहिणींनो, रात्री गाय व्याली की कंदील घेऊन तुम्हीच उठता. म्हणून हे मुख्यतः तुम्हाला सांगतो आहे.

कोणी म्हणेल, एवढे दूध वासराला पाजले तर डेअरीला काय घालायचे? प्रश्न खरा आहे. वासराला रोज अडीच लिटर, म्हणजे महिन्याला ७५ लिटर दूध. डेअरीत घातलेल्या लिटरचे पैसे मिळतात, वासराच्या पोटात गेलेल्या लिटरचे नाही. भाव परवडत नाही तेव्हा शेतकरी आधी वासराच्या तोंडचे काढतो. त्याची माया आटलेली नसते, भाव अपुरा असतो. म्हणून दुधाचा उत्पादन खर्च मांडताना हे ७५ लिटर धरलेच पाहिजेत. वासरू जगवण्याचा खर्च धरला नाही, तर उद्याची गाय कोठून यायची?

भावाची लढाई लांबची आहे, ती आपण लढूच. पण आज रात्री तुमच्या गोठ्यात गाय व्याली, तर वार पडायची वाट पाहू नका. वासरू आधी कासेला लावा.

जय किसान!