बेभरवशाची चाचणी



संगणकाच्या क्षेत्रांत लिनक्स ही एक मूळ प्रणाली. तिच्यापासून डेबियन, फेडोरा अशीं अनेक वितरणें निघालीं. एकच आज्ञावली या सर्वांवर चालावी, म्हणून तिचे निरनिराळे भाग एकत्र जोडून चाचणी घेतात. परंतु एखाद्या वितरणावर तीच चाचणी आज यशस्वी होते आणि उद्यां फसते. आज्ञावलींत मात्र एक अक्षरही बदललेलें नसतें. अशी चाचणी तेथें वगळावी काय?

याच स्वरूपाचा प्रश्न एकदां आमच्या अलिबागेच्या किनाऱ्यावर सुटला आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी होत असत. सप्टेंबर १८५९ मध्यें सूर्यामुळें उठलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची तेथील नोंद शास्त्रज्ञ अद्यापि अभ्यासतात. पुढें शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें. त्यांच्या प्रवाहानेंही चुंबकसूची हलणार. मग ती सूर्यामुळें हलली कीं ट्राममुळें, हें कोणीं सांगावें?

तेव्हां संचालक नानाभाई मूस यांनीं अलिबागेस नवी वेधशाळा उभारिली. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्हीं ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेऊन त्यांचा मेळ घातला आणि नंतरच कुलाब्याचे चुंबकीय वेध थांबविले. मुंबईंत विजेची ट्राम धांवली ती १९०७ सालीं. ती नोंदमाला अलिबागेंत आजही चालू आहे.

यांतून तीन गोष्टी निघतात. पहिली, कारण समजल्यावांचून चाचणी वगळूं नये; कधीं कधीं फसणारी चाचणी आज्ञावलींतील खराच दोष दाखवीत असण्याचा संभव असतो. दुसरी, दोष परिस्थितीचा ठरल्यास ती त्याच वितरणापुरती, कारण लिहून वगळावी. तिसरी, तीच परीक्षा अन्यत्र चालूच ठेवावी. डेबियनमध्यें अशा चाचणीस 'फ्लेकी', म्हणजे बेभरवशाची, अशी खूण करतां येते. ती घेतली जाते, परंतु तिच्या अपयशानें पुढील वाट अडत नाहीं.

खोटा इशारा वारंवार ऐकणारा मनुष्य खऱ्या इशाऱ्यासही उठत नाहीं. आणि गुपचूप बंद केलेली घंटा तर कोणासच जागें करीत नाहीं. संगणकावरच आज आपले पैशांचे आणि औषधोपचारांचे व्यवहार चालतात. म्हणून चाचणी वगळणाऱ्यानें आपलें कारण चारचौघांस वाचतां येईल असें लिहून ठेवावें, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.