दानपेटीला धनी हवा

30 डिसेंबर 2018 ला कॅनडातल्या वेस्ट व्हँकुव्हर गावी, अँबलसाइड उद्यानाजवळ, जुन्या कपड्यांच्या दानपेटीत अडकून एक माणूस मेला. वय चाळिशीच्या आतलं. पुढे दहा दिवसांच्या आतच, 8 जानेवारी 2019 ला, टोरांटोत एक स्त्री तशाच पेटीत अडकून गेली. 2015 पासून मोजलं तर त्या एका देशात अशा पेट्यांत किमान सात जीव गेले होते. गरिबांना कपडे मिळावेत म्हणून उभ्या केलेल्या पेट्या, आणि त्यांत मेलेले बरेचसे लोक गरीब, बेघर. आज मी बोलणार आहे तो विषय नगरपालिकेच्या नियमांचा आहे, आणि तो रुक्ष आहे असं कुणी म्हणू नये म्हणून ही हकिगत आधी सांगितली.

हे घडतं कसं, ते समजून घ्या. लोखंडी पेटी, माणसाच्या उंचीची. तिच्या तोंडाला झुलतं झाकण. झाकण आपल्याकडे ओढायचं, त्यावर पिशवी ठेवायची, सोडलं की पिशवी आत पडते आणि त्याच हालचालीत वाट बंद होते. बाहेरून हात घालून कपडे काढता येऊ नयेत, चोरी होऊ नये, म्हणून ही रचना. पण कडाक्याच्या थंडीत एखादा आतला कोट मिळवायला किंवा नुसता आसरा शोधायला वाकतो, अर्धा आत जातो, आणि झाकण त्याच्या छातीवर किंवा मानेवर आवळतं. सुटायला धडपडावं तर ते आणखीच आवळतं. रात्रीची वेळ, आसपास कुणी नाही.

त्या मृत्यूंनंतर वेस्ट व्हँकुव्हरने आपल्या हद्दीतल्या पेट्या बंद केल्या, काही संस्थांनी आपणहून पेट्या उचलल्या, पेट्या बनवणाऱ्या एका कारखान्याने उत्पादन थांबवलं, विद्यापीठातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी सुरक्षित तोंडाचे आराखडे हाती घेतले. हे सगळं योग्यच झालं. पण हा विचार पेटी रस्त्यावर येण्याआधी व्हायला हवा होता. शहरांचे नियम पाहिले तर अंतर, फलक, विमा, स्वच्छता यांची कलमं सापडतात. पेटीच्या तोंडाबद्दलचं कलम क्वचित सापडतं.

आता त्या नियमांकडे येऊ. अमेरिकेत या पेट्या इतक्या वाढल्या त्याचं कारण साधं आहे. जुन्या कपड्याला वजनावर भाव मिळतो. पेटीत पडलेला सदरा त्याच गावातल्या गरजूच्या अंगावर जातोच असं नाही. बराचसा माल गाठी बांधून व्यापाऱ्यांना विकला जातो आणि समुद्र ओलांडतो. आपल्या देशातही तो उतरतो: गुजरातेत कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात अशा कपड्यांची छाटणी चालते, आणि पानिपतात जुनी लोकर फाडून, पिंजून तिचं पुन्हा सूत होतं. त्या विक्रीचा पैसा खऱ्या सेवाकार्याला लागत असेल तर त्यात वावगं काही नाही. पण नफ्यासाठी चालणारी कंपनीही तशीच पेटी ठेवते, तिच्यावर हृदयाचं किंवा लहान मुलाचं चित्र काढते, आणि देणाऱ्याला फरक कळत नाही. कॅलिफोर्नियाने 2010 साली कायदा करून पेटीच्या दर्शनी बाजूला चालकाचं नाव, पत्ता, फोन आणि ही पेटी नफ्यासाठी चालते की सेवेसाठी, हे ठळक अक्षरांत लिहायला लावलं. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. देणाऱ्याला अडवायचं नाही, पण त्याला अंधारातही ठेवायचं नाही.

दुसरा त्रास जागेचा. जमीनमालकाला न विचारता रातोरात पेटी ठेवून जाणं, ती आठवडेच्या आठवडे रिकामी न करणं, मग तिच्याभोवती ओल्या गाद्या, मोडके सोफे, फुटक्या बाटल्या साठणं. लोकांना वाटतं, इथे टाकलेलं कुणीतरी नेईल. न्यू यॉर्कमध्ये पदपथावर पेटी ठेवायला बंदी होती तरी पेट्या उगवत राहिल्या. शेवटी 2014 साली शहराने नियम कडक केले.

मिशिगन राज्यातल्या सेंट जॉन्स या छोट्या गावाने मात्र वेगळाच मार्ग धरला. तिथल्या नगरपालिकेने आधी एका संस्थेच्या दोन पेट्या उचलून नेल्या आणि नंतर अशा पेट्यांवर सरसकट बंदी घातली. प्रकरण न्यायालयात गेलं. 2015 साली अमेरिकेच्या सहाव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने त्या संस्थेच्या बाजूने कौल दिला. धर्मादायासाठी लोकांना आवाहन करणं हे अमेरिकेच्या राज्यघटनेने राखलेलं भाषणस्वातंत्र्य आहे, आणि पेटीही ते आवाहनच करते, असं न्यायालयाने मानलं. गावातल्या इतर कचराकुंड्या आणि डबे चालतात आणि फक्त दानाची पेटी चालत नाही, हा भेद न्यायालयाला पटला नाही.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराने 2015 साली केलेला नियम याच्या उलट, धीराने केलेला आहे. पेटी ठेवायची तर परवाना घ्या, त्याचं शुल्क भरा, विमा काढा, जमीनमालकाची संमती दाखवा, दोन पेट्यांत हजार फुटांचं अंतर ठेवा, परिसर स्वच्छ ठेवा. यालाही एका सेवाभावी संस्थेने आव्हान दिलं. 2017 साली नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने नियमाला स्थगिती द्यायचं नाकारलं. कारण हा नियम पेटीवर काय लिहिलंय ते पाहत नाही, नफ्याची आणि सेवेची असा फरकही करत नाही. पेटीपाशी कुणी हजर नसतं, एवढ्याच गोष्टीला तो हात घालतो.

श्रोतेहो, मला सारा प्रश्न या ‘कुणी हजर नसतं’ मध्ये दिसतो. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या जुने कपडे बोहारणीकडे जात. ती दारात बसायची, प्रत्येक कपडा उलगडून उजेडात धरायची, विरलेला परत करायची, पातेल्यावरून घासाघीस करायची. त्या व्यवहारात कपड्याला पारखणारा डोळा होता आणि ‘हा नको’ म्हणणारं तोंड होतं. पेटीपाशी यातलं काहीच नाही. म्हणून नियमाने हजर माणसाची उणीव भरून काढली पाहिजे: नाव लिहून घेऊन, फोन उचलायला लावून, ठरल्या दिवशी पेटी रिकामी करायला लावून.

हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. आपल्या गावोगावी ‘माणुसकीची भिंत’ उभी राहिली. नको असेल ते द्या, हवं असेल ते घेऊन जा. 2023 च्या मे महिन्यात स्वच्छ भारत अभियानाखाली देशभरातल्या शहरांत जुने कपडे, पुस्तकं, खेळणी घेणारी केंद्रं उघडली. हेतूबद्दल मला शंका नाही, उलट फार आदर आहे. पण उद्घाटनाच्या दिवशीचा फोटो आणि सहा महिन्यांनंतरची भिंत, दोन्ही आपण पाहिलेली असतात. खुंट्यांवर फाटकी अंतर्वस्त्रं लोंबतात, खाली चिखलात साड्या तुडवल्या जातात. गरजू माणूस तिथे थांबत नाही, कारण तिथे थांबण्यातच त्याचा अपमान होतो.

यावर बंदी हा उपाय नाही, सेंट जॉन्सचा अनुभव आपण पाहिला. आपली घटना वेगळी, न्यायालयं वेगळी, पण लोकांच्या देण्याच्या इच्छेला नगरपालिकेने कुलूप लावावं हे आपल्यालाही रुचणार नाही. मी मागतो ते नियम थोडे आहेत. भिंतीवर किंवा पेटीवर ती चालवणाऱ्या मंडळाचं नाव, नोंदणी क्रमांक आणि चालू असलेला फोन असावा. आपल्या राज्यात 1950 सालापासून सार्वजनिक न्यासांचा कायदा आहे, धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. नोंदणी असेल तर तो क्रमांक रंगवायला अवघड नाही. नोंदणी नसलेलं तरुण मंडळ असेल तर दोन जबाबदार व्यक्तींनी प्रभाग कार्यालयात लिहून द्यावं. त्या कपड्यांचं पुढे काय होतं, वाटले जातात की विकले जातात, हे मराठीत स्पष्ट लिहावं. आत ओणवं होता येईल असं झाकण कुठल्याही पेटीला नसावं.

आणि पावसाचं काय? जून ते सप्टेंबर उघड्यावर टांगलेला कपडा दोन दिवसांत बुरशी धरतो, मग तो कुणाच्या कामाचा राहत नाही आणि शेवटी कचरा गाडीवरच्या सफाई कामगाराला तो ओला ढीग उपसावा लागतो. त्या चार महिन्यांत भिंत बंद ठेवावी, किंवा छत असलेल्या खोलीत हलवून ठरल्या वारी, ठरल्या वेळी, तिथे एक माणूस बसवावा. त्याचा पगार कोण देणार, हा प्रश्न मंडळाने परवानगीच्या अर्जातच सोडवून दाखवावा, आणि त्याचं उत्तर नसेल तर परवानगी थांबवावी.