कोणाच्या संगणकासाठी लिहिलंय?



झाशीत लक्ष्मी तालाच्या काठी, राजे गंगाधररावांच्या छत्रीजवळ उभं राहून क्लाउडवर बोलायचं, हे काहींना विचित्र वाटेल. पण इथल्या मराठी घरांतली मुलंही आज पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतात. तेव्हा विषय घरचाच आहे.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधला भाड्याचा संगणक. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली भारतात अशी केंद्रं उघडली, त्यांतलं एक पुण्याचं. अ‍ॅमेझॉनचं मुंबईत २०१६ साली आलं. हा संगणक वापरायचा कसा, ते कंपनीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये सापडतं. लिहिणारा मात्र आपल्या टेबलावर जी ऑपरेटिंग सिस्टीम आहे तीच सगळ्यांकडे असणार, असं धरून चालतो. घोळ तिथूनच सुरू होतो.

साधी ‘कर्ल’ ही इंटरनेटवरून माहिती आणणारी कमांड घ्या. लिनक्सवर ती बिनबोभाट चालते. विंडोजच्या पॉवरशेल ५.१ मध्ये मात्र ‘कर्ल’ हे वेगळ्याच कमांडचं टोपणनाव आहे. पानावरची ओळ जशीच्या तशी चिकटवली, की बऱ्याचदा लाल अक्षरांत एरर येते. लांबलचक कमांड पुढच्या ओळीवर न्यायची, तर लिनक्सच्या बॅश शेलमध्ये शेवटी बॅकस्लॅश, पॉवरशेलमध्ये बॅकटिक आणि जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये कॅरेट. पानावर यांतलं एकच चिन्ह छापलेलं असतं. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्स सर्व्हरवर चढवली, तर प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारं एक जास्तीचं अक्षर सोबत जाऊ शकतं. मग फाइल डोळ्यांसमोर असते आणि सर्व्हर म्हणतो, अशी फाइलच नाही!

उलट बाजूचा, म्हणजे विंडोज गृहीत धरण्याचा कल पाहायचा तर मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउडकडे बघा. २०१० साली ही सेवा सुरू झाली तीच ‘विंडोज अझूर’ या नावाने. २०१४ साली नावातलं विंडोज गेलं. पुढे २०१९ पर्यंत तिथे लिनक्सचा वापर विंडोजच्या वर गेला. तरी काही पानांवर आजही आधी पॉवरशेल, मग बॅश. पॉवरशेल २०१६ पासून लिनक्सवरही चालतं, हे खरं. पण लिनक्सवाल्याचा हात बसलेला असतो तो बॅशवर.

याची झळ अनुभवी माणसाला लागत नाही. तो मनातल्या मनात बदल करून पुढे जातो. अडतो तो नवखा. आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात विंडोजवर होते, महाराष्ट्रातला एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचा वर्गही त्याला अपवाद नाही. पहिल्या नोकरीत समोर येतो लिनक्स सर्व्हर. पानावरची कमांड चालली नाही, की पोरगं समजतं, आपल्यालाच काही येत नाही. त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की ही ओळ हातातल्या लॅपटॉपवर द्यायची की पुण्यातल्या सर्व्हरवर.

म्हणून लिहिणाऱ्यांना माझं सांगणं आहे: कमांड कोणत्या सिस्टीमवर आणि कोणत्या शेलमध्ये द्यायची, ते पहिल्याच ओळीत सांगा. छापण्याआधी ती विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे चालवून बघा, आणि शक्यतो नवख्या माणसाच्या हातून. वाचणाऱ्यांनो, कमांड अडली तर आधी पानावर शंका घ्या, मग स्वतःवर. अझूरची पुष्कळशी पानं गिटहबवर खुली आहेत. त्यांत कोणालाही दुरुस्ती सुचवता येते. ती सुचवा.