नदी कोणाची, मैला कोणाचा?



पुण्याच्या पाण्याची चर्चा बहुधा नळाला पाणी किती वेळ येते, यापलीकडे जात नाही. नदीचे खोरे एकसंध असते, याचे भान तीत नसते.

सह्याद्रीच्या माथ्यावर काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पुणे शहरात सरासरी सुमारे ७००, आणि पूर्वेस दौंडकडे त्याहूनही कमी. डोंगरातले हे पाणी पानशेत, वरसगाव, टेमघर व खडकवासला या चार धरणांत अडवलेले आहे. त्यांचा एकूण उपयुक्त साठा सुमारे २९ टीएमसी. त्यासाठी मोसे, आंबी व मुठा खोऱ्यांतील शेतकऱ्यांनी जमिनी गमावल्या. शेजारच्या मुळेचे पाणी तर टाटांच्या विजेसाठी घाट उतरून कोकणात जाते. त्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ पासून मुळशीचा लढा दिला.

पावसाळा सरला की शहरातल्या मुठेत उरते ते मुख्यतः सांडपाणी. वाहत्या स्वच्छ पाण्याची जोड नसेल, तर मैल्याच्या विघटनात पाण्यातील प्राणवायू संपतो आणि नदीची स्वतःला शुद्ध करण्याची शक्ती खुंटते. हाच प्रवाह रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळून उजनीत जातो, आणि त्या जलाशयावर सोलापूर शहराची तहान भागते.

शहराने धरणाचे पाणी घ्यावे व त्या बदल्यात मुंढव्याहून ६.५ टीएमसी शुद्ध केलेले पाणी शेतीसाठी कालव्यात सोडावे, असे ठरले. तत्त्व न्याय्य आहे. परंतु शुद्धीकरणच अपुरे राहिले, तर ती देवाणघेवाण नव्हे, शेतकऱ्याची फसवणूक होय.

जपानी कर्जातून ११ मैलाशुद्धीकरण केंद्रे उभारण्याची योजना २०१६ साली आखली गेली. ती पुरी होण्यापूर्वीच २०२२ साली नदीकाठच्या सुशोभीकरणाची पायाभरणी झाली. आधी मैला थांबवायचा की आधी काठ सजवायचा, या क्रमातच सत्तेचा वर्गीय कल उघड होतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुलियन बारीच्या साथीने माणसे दगावली, तेव्हा संशयाचे बोट दूषित पाण्याकडेच वळले. वेशीवरच्या नव्याने शहरात आलेल्या गावांना नागरिकत्वाचा कर मिळाला, शुद्ध पाणी मात्र मिळाले नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या घेऊन वस्तीवस्तीत जावे. सुशोभीकरणाआधी शुद्धीकरण, शुद्ध केलेल्या पाण्याच्या तपासणीचे आकडे दरमहा जनतेसमोर, आणि धरणग्रस्त, शहरवासी व खालचा शेतकरी यांना समान स्थान असलेले खोऱ्याचे नियोजन. पुण्याच्या झोपडपट्टीतील कष्टकरी आणि दौंडचा शेतकरी यांना परस्परांचे वैरी ठरवणारे राजकारण मोडायचे असेल, तर दोघांची नदी एकच आहे, हे आधी दोघांपर्यंत पोचले पाहिजे.