अंदमानचा पाऊस, तिरोड्याचे पऱ्हे

मे महिन्यात आमच्या तिरोड्यात बातम्यांतलं एक वाक्य ऐकायला माणसं हातातलं काम थांबवतात. 'नैर्ऋत्य मोसमी वारे अंदमानात दाखल.' बाहेर पारा पंचेचाळीसच्या घरात, धानाच्या बांध्यांना भेगा, मामा तलावांचे तळ उघडे पडलेले. ज्याला अंदमान नकाशावर दाखवता येणार नाही, तो शेतकरीही ते नाव ऐकून आभाळाकडे बघतो.

माझा धाकटा भाऊ धान करतो. २००९ साली मोसमी पाऊस केरळात २३ मेलाच पोचला, नेहमीपेक्षा आठवडाभर आधी. भावानं हिशेब मांडला, अंदमान आटोपलं, केरळ आटोपलं, आता आपण. वळवाची एक सर पडताच त्यानं पऱ्हे टाकले. पुढं वारे वाटेतच थबकले. जून संपत आला तरी रोवणीजोगा पाऊस नाही. पऱ्हे पिवळे पडले, मग करपले. दुसऱ्यांदा बियाणं आणलं ते उधारीवर. अम्मीनं त्या दिवसांत रेडिओच बंद करून ठेवला होता. त्या हंगामात देशभरात पाऊस सरासरीपेक्षा २२ टक्के कमी झाला.

अंदमानात पाऊस लवकर आला म्हणून तो आपल्याकडे लवकर येईल, असं नसतं. तिथून पुढं वाऱ्यांना ओढून आणायला बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार व्हावा लागतो. हे मला फार उशिरा समजलं.

ते अंदमान एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून २०१७ च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात पत्नीसह गेलो. हंगाम सरल्यामुळं सहल स्वस्त होती. माहितीपत्रकात छापलं होतं, 'बारा महिने आल्हाददायक हवामान, २३ ते ३१ अंश.' आकडे खरेच आहेत. चहूकडे समुद्र; पाणी हळू तापतं आणि हळू निवतं. आमच्यासारखं मेमध्ये भाजणं आणि डिसेंबरात कुडकुडणं तिथं नाही. पण पत्रकात दमटपणा नव्हता. टॉवेल तीन दिवस वाळला नाही आणि माझ्या कवितेच्या वहीची पानं पापडासारखी मऊ पडली. आपल्या गोंदिया जिल्ह्यात वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासूनच्या श्रीविजयपुरमला, तीन हजारांच्या आसपास. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा, मग परतीच्या वाऱ्यांचा, थेट डिसेंबरपर्यंत. नोव्हेंबर-डिसेंबरात वादळंही उठतात. डिसेंबर २०१६ मध्ये हॅवलॉक आणि नील या बेटांवर शेकडो पर्यटक अडकले, त्यांना आणायला नौदलाची जहाजं गेली होती. जायचं तर जानेवारी ते एप्रिल. पण तेव्हा शहरातले नळ आटतात, कारण उतारावरून पाणी समुद्राला मिळायला वेळ लागत नाही. इतका पाऊस आणि पाण्याला रांग! मला आमचे मामा तलाव आठवले.

आमची हॅवलॉकची बोट दोन दिवस रद्द झाली. पत्नी म्हणाली, "पैसे भरून पाऊसच बघायचा होता, तर गावी थांबलो असतो."

मग सेल्युलर जेल बघितलं. ज्या हवेसाठी आपण आज तिकीट काढतो, तिलाच लोक एकेकाळी भीत. इंग्रजांनी १७८९ मध्ये तिथं पहिली वसाहत केली; रोगराईनं माणसं मरू लागली, तेव्हा १७९६ मध्ये ती गुंडाळली. १८५७ नंतर तेच बेट शिक्षेसाठी उपयोगी पडलं. अरबीचे थोर विद्वान मौलाना फजले हक खैराबादी तिथं कैदी म्हणून गेले आणि १८६१ मध्ये तिथंच वारले. जेल तेव्हा बांधलेलंही नव्हतं. पाऊस मात्र हाच असणार.

संध्याकाळी साडेपाचलाच अंधारून आलं. घड्याळ तिरोड्याचंच, पण सूर्य तिथं पाऊण तासाहून अधिक आधी मावळतो. लॉजच्या ओसरीत उभा राहून मी भावाला फोन लावला. पत्र्यावर सरी अशा कोसळत होत्या की मला माझाच आवाज ऐकू येईना. मी फोन पावसाकडे धरला. बराच वेळ तो काही बोलला नाही.

मग म्हणाला, "भाईजान, पऱ्हे टाकू का?"

माझी बाही ओली झाली होती. मी म्हटलं, "थांब अजून."