एका मृत्युपत्राच्या दोन वाटा : प्रसन्नकुमार ठाकूर आणि कायद्याचे ज्ञानदान



विद्यादानाचा विषय निघाला की शाळेची इमारत, वसतिगृह, शिष्यवृत्ती यांची नावे सहज ओठांवर येतात. कायद्याच्या अध्ययनासाठी कोणी आपली संपत्ती ठेवली, असे मात्र क्वचितच ऐकू येते. कायदा म्हणजे कोर्टकचेरी, आणि कोर्टकचेरीची पायरी शहाण्याने चढू नये, ही आपल्याकडील जुनी समजूत. अशा दानाची एक थोर परंपरा भारतात आहे. ती कोलकाता विद्यापीठात १८७० साली सुरू झाली आणि ज्या मृत्युपत्रातून ती जन्मली, ते मृत्युपत्र स्वतःच पुढे कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ करावे लागले. त्या मृत्युपत्राची हकिगत प्रत्येक दात्याने व प्रत्येक विश्वस्ताने जाणून घ्यावी अशी आहे.

प्रसन्नकुमार ठाकूर (१८०१-१८६८) हे कोलकात्याच्या पाथुरियाघाटा ठाकूर घराण्यातील. रवींद्रनाथांचे जोडासांको घराणे ही त्याच वंशाची दुसरी शाखा. प्रसन्नकुमार मोठे जमीनदार होते, परंतु केवळ वडिलोपार्जित मिळकतीवर बसून राहणारे नव्हते. सदर दिवाणी अदालतीत त्यांनी सरकारी वकील म्हणून नाव व द्रव्य दोन्ही मिळविले. मिथिलेत प्रमाण मानल्या जाणाऱ्या ‘विवादचिंतामणी’ या धर्मशास्त्रग्रंथाचे त्यांचे इंग्रजी भाषांतर १८६३ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे कायदा हा त्यांचा व्यवसायही होता आणि अभ्यासाचा विषयही.

त्यांना एकच पुत्र, ज्ञानेंद्रमोहन. १८५१ साली त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे इंग्लंडला जाऊन १८६२ साली बॅरिस्टर झालेला तो पहिला भारतीय. पित्याच्या दृष्टीने मात्र पुत्र घराबाहेर गेला होता. येथे कायद्याचा पेच होता. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतर केलेल्या व्यक्तीचा वारसाहक्क अबाधित ठेवला होता. पिता काही न लिहिता मरण पावला असता, तर सर्व मिळकत पुत्राकडेच गेली असती. बंगालमध्ये दायभाग पद्धती प्रचलित असल्यामुळे पित्याला आपल्या मिळकतीची मृत्युपत्राने व्यवस्था लावण्याचा अधिकार होता, आणि १० ऑक्टोबर १८६२ रोजी प्रसन्नकुमारांनी तो वापरला.

या मृत्युपत्राचे दोन मुख्य भाग होते. पहिला भाग घराण्यासंबंधी. पुत्राला काहीही नाही. मिळकतीचा उपभोग पुतणे जतींद्रमोहन यांनी हयातीपर्यंत घ्यावा, त्यांच्यानंतर त्यांच्या ज्येष्ठ पुत्राने, मग त्याच्या ज्येष्ठ पुत्राने, असा पुरुषवंशाचा क्रम पिढ्यान्‌पिढ्यांसाठी बांधून दिलेला. ज्या पिढ्या अजून जन्मालाही आल्या नव्हत्या, त्यांची नेमणूक तेथे करून ठेवली होती. ही रचना इंग्रज उमरावांच्या घराण्यांतून उचललेली. दुसरा भाग विद्यापीठासंबंधी होता. कोलकाता विद्यापीठात ‘ठाकूर विधी प्राध्यापक’ हे पद निर्माण करावे आणि त्यावर नेमलेल्या विद्वानाने कायद्याच्या एखाद्या शाखेवर व्याख्यानमाला द्यावी.

३० ऑगस्ट १८६८ रोजी प्रसन्नकुमारांचे निधन झाले आणि ज्ञानेंद्रमोहन यांनी मृत्युपत्राला न्यायालयात आव्हान दिले. दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८७२ साली न्यायमूर्ती विल्स यांनी दिलेला तो निकाल ‘टागोर विरुद्ध टागोर’ या नावाने प्रसिद्ध आहे. हिंदू मनुष्याला मृत्युपत्र करता येते, हे न्यायासनाने मान्य केले. परंतु मृत्युपत्र हे दानाच्याच जातीचे. दान घ्यावयाला कोणी तरी अस्तित्वात असावा लागतो, म्हणून दात्याच्या मृत्युसमयी जो जन्मलेलाच नाही त्याला काही देता येत नाही. तसेच हिंदू कायद्याला अज्ञात असा वारसाचा नवाच क्रम कोणाही खासगी व्यक्तीला आपल्या मर्जीने निर्माण करता येत नाही. जतींद्रमोहन यांचा तहहयात उपभोग टिकला, आणि त्यापुढील सर्व साखळी तुटली. जे वैधपणे कोणालाही दिले गेले नाही, ते कायदेशीर वारसाचे, म्हणजे त्याच वगळलेल्या पुत्राचे. ‘पुत्राला काही नाही’ एवढे शब्द लिहून वारस दूर होत नाही. ती मिळकत दुसऱ्या कोणाला तरी रीतसर दिलेली असावी लागते. आयुष्यभर इतरांचे दस्तऐवज तपासलेल्या वकिलाच्या स्वतःच्या मृत्युपत्राची अशी गत व्हावी, हा दैवदुर्विलासच म्हणावा लागेल. (न जन्मलेल्या व्यक्तीसंबंधीचा हा कडक नियम १९१६ च्या कायद्याने पुढे सौम्य केला.)

विद्यापीठाला दिलेला भाग मात्र उभा राहिला. घराण्याचा दावा चालू असतानाच, १८७० साली, हर्बर्ट कोवेल यांनी हिंदू कायद्यावर पहिली ठाकूर व्याख्यानमाला दिली.

हे दान टिकले ते केवळ पैशाच्या बळावर नव्हे. त्याला जोडलेल्या अटी येथे विशेष लक्षात घेण्यासारख्या आहेत. व्याख्याने ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांकडून वा इतरांकडून काहीही शुल्क घ्यावयाचे नाही. व्याख्यानमाला संपल्यावर सहा महिन्यांच्या आत ती छापावयाची. आणि छापलेल्या ग्रंथाच्या किमान ५०० प्रती विनामूल्य वाटावयाच्या. बोललेला शब्द सभागृहातच विरून जाऊ नये, याची ही तरतूद होती. जैन परंपरेत आहार, औषध आणि अभय यांच्या बरोबरीने शास्त्रदान सांगितले आहे. पोथ्यांच्या प्रती लिहवून घ्याव्यात आणि योग्य हाती द्याव्यात, हा त्याचा रोकडा अर्थ. कर्नाटकातील दानचिंतामणी अत्तिमब्बे हिने पोन्नकृत शांतिपुराणाच्या एक हजार प्रती करवून वाटल्याची कथा दक्षिण महाराष्ट्रातील घराघरांत ठाऊक आहे. प्रसन्नकुमारांना ही कथा ठाऊक असण्याचे कारण नाही, तरी त्यांची अट त्याच जातीची होती. ताडपत्राच्या जागी छापखाना आला, इतकेच.

या अटींमुळे ग्रंथांची एक मालिकाच उभी राहिली. रासबिहारी घोष यांनी गहाणाच्या कायद्यावर दिलेली व्याख्याने या विषयातील प्रमाणग्रंथ ठरली. गुरुदास बॅनर्जी यांनी १८७८ साली विवाह व स्त्रीधन हा विषय घेतला. तेच पुढे विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले. १८८३ साली जर्मन पंडित युलियुस योली यांना बोलावून हिंदू वाटणी, वारसा व दत्तक यांचा इतिहास त्यांच्याकडून वदवून घेतला. १८९४ साली इंग्लंडचे सर फ्रेडरिक पोलॉक आले. व्याख्याता आपल्याच गावचा, आपल्याच ज्ञातीचा असावा, असा आग्रह या दानात दिसत नाही, ही गोष्ट मुद्दाम नोंदविण्यासारखी आहे.

१८९८ साली या पदावर आले आशुतोष मुखर्जी, आणि येथे या कथेत मुंबईचे एक नाव येते. कोट्यधीश कापूस-व्यापारी शेठ प्रेमचंद रायचंद हे जैन. मुंबई विद्यापीठाला ग्रंथालय व घड्याळाचा मनोरा यांसाठी त्यांनी दिलेल्या देणग्या आणि मातुःश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर सर्वांना परिचित आहेत. परंतु १८६० च्या दशकात त्यांनी दूरच्या कोलकाता विद्यापीठालाही दोन लाख रुपये दिले, हे मुंबईतही फारसे सांगितले जात नाही. त्यातून ‘प्रेमचंद रायचंद विद्यार्थिवृत्ती’ सुरू झाली. ती मिळविणे हा त्या विद्यापीठातील सर्वोच्च मान समजला जाई. १८६५ च्या शेअर बाजाराच्या कोसळणीत प्रेमचंदांचे वैभव ओसरले, विद्यापीठांना दिलेले धन मात्र आपले काम करीत राहिले. आशुतोष मुखर्जी हे या वृत्तीचे १८८६ चे मानकरी. बारा वर्षांनी तेच ठाकूर प्राध्यापक झाले. म्हणजे एका जैन श्रेष्ठीच्या दानाने ज्याचा गौरव केला, त्याचेच ज्ञान एका बंगाली वकिलाच्या दानाने ग्रंथरूपात जगापुढे आणले.

आशुतोषांनी निवडलेला विषयही पाहावा : मालमत्ता पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवण्यास कायद्याने घातलेली मर्यादा. प्रसन्नकुमारांच्या मृत्युपत्राचा पहिला भाग जेथे फसला, त्या साऱ्या प्रांताची चिकित्सा दुसऱ्या भागातील पैशाने झाली! आणि दोन भागांतील फरक केवळ योगायोगाचा नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, याच्या कलम १८ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की धर्म, ज्ञान, व्यापार, आरोग्य, सुरक्षितता अथवा मानवजातीला हितकर अशा अन्य हेतूंसाठी लोकांच्या लाभार्थ केलेल्या हस्तांतरणाला हे निर्बंध लागू नाहीत. स्वतःच्या वंशाला संपत्ती कायमची बांधून ठेवू पाहणाऱ्याला कायदा अडवितो, तीच लोकांना कायमची देणाऱ्याला वाट मोकळी करून देतो.

आशुतोष पुढे कुलगुरू झाले. १९०९ साली विद्यापीठाचे स्वतःचे विधी महाविद्यालय त्यांच्याच कारकिर्दीत निघाले. त्याच काळात गहाणाच्या कायद्यावरील व्याख्याते रासबिहारी घोष यांनी १९१३ साली विद्यापीठाला १० लाख रुपये दिले. वकिलीत मिळविलेला हा पैसा विज्ञानाच्या अध्यापनासाठी होता.

महाराष्ट्रातही असा एक प्रयत्न झाला होता, आणि तो ठाकूर व्याख्यानांहून जुना आहे. मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर अर्स्किन पेरी १८५२ साली निवृत्त झाले, तेव्हा नागरिकांनी त्यांच्या स्मरणार्थ वर्गणी जमविली. ती रक्कम पुतळ्यावर खर्च न करता न्यायशास्त्राच्या अध्यापनाला दिली. १८५५ साली कायद्याचे वर्ग सुरू झाले. तेच आजचे शासकीय विधी महाविद्यालय. १९३५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, त्या वेळी ‘पेरी प्राध्यापक’ हे पदही त्यांच्याकडे होते. पुतळ्याऐवजी प्राध्यापकपद उभारणाऱ्या त्या वर्गणीदारांची दूरदृष्टी आजही अनुकरणीय वाटते.

आता या कथेचा शेवटचा, आणि येथील श्रोत्यांना सर्वांत जवळचा भाग. १९५१ च्या ठाकूर व्याख्यानांसाठी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जी यांनी विषय घेतला तो हिंदूंच्या धार्मिक व धर्मादाय विश्वस्त निधींचा. देवस्थानाची मिळकत कोणाची, विश्वस्ताचा अधिकार कोठवर, दात्याचा हेतू बदलता येतो काय, या प्रश्नांचा त्यांनी मुळापासून शोध घेतला. त्याच सुमारास मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, अमलात आला होता. त्यालाच पुढे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम असे नाव मिळाले. नोंदणी, हिशेब-तपासणी, वार्षिक अंशदान, धर्मादाय आयुक्तांचे अधिकार, हे सारे तेव्हा नवे होते. एका जैन मंदिराच्या वहिवाटदारांनी या अधिनियमाला आव्हान दिले आणि ‘रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य’ हा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १८ मार्च १९५४ रोजी त्याचा निकाल लिहिला तो याच मुखर्जींनी.

अधिनियमाचा बराचसा भाग त्यांनी वैध ठरविला. हिशेब तपासणे आणि अंशदान घेणे यांत धर्मस्वातंत्र्याचा भंग नाही, असे सांगितले. परंतु मंदिरासारख्या धर्मसंस्थेवर धर्मादाय आयुक्तालाच विश्वस्त म्हणून नेमण्याची मुभा देणारी तरतूद त्यांनी रद्द केली. धर्मकार्यासाठी दिलेला निधी मूळ हेतू पार पाडणे शक्य असतानाही अन्य कामाकडे वळविण्याची तरतूदही टिकली नाही. दात्याने जे ज्यासाठी दिले, ते त्यासाठीच राहिले पाहिजे, हे तत्त्व त्या निकालाने घटनेच्या आधाराने पक्के केले. आज महाराष्ट्रातील कोणतेही मंदिर वा धार्मिक ट्रस्ट वार्षिक हिशेब धर्मादाय कार्यालयात सादर करतो आणि तरीही आपल्या पूजा-उपासनेचा कारभार स्वतः पाहतो, ती मर्यादारेषा या निकालात आखलेली आहे.

मुखर्जी डिसेंबर १९५४ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले आणि १९५६ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या ठाकूर व्याख्यानांच्या ग्रंथाच्या सुधारित आवृत्त्या त्यानंतरही निघत राहिल्या. विश्वस्त निधीचा वाद न्यायालयात उभा राहिला की दोन्ही बाजूंचे वकील त्याच ग्रंथाची पाने उलटतात.