बँकेची इमारत आणि बँकेची पत



पुण्याहून शिरूरकडे जातांना कोरेगांव भीमा ओलांडलें कीं सणसवाडी लागते. या शिरूर तालुक्यानें १८७५ सालीं सावकारांविरुद्धचा मोठा उठाव पाहिला. १२ मे रोजीं सुपें येथें त्याची ठिणगी पडली आणि ती इकडेहि पसरली. कुणब्यांचा रोख सावकाराच्या वाड्यापेक्षां त्याच्या दप्तरावर अधिक होता. कर्जखतें हुडकून त्यांची होळी करण्यांत आली. पेढीचें बळ भिंतींत नसून कागदांत असतें, हें त्यांनीं ओळखलें होतें.

ठेवीदार मात्र पुष्कळदां भिंतींनाच भुलतो. मोटारींच्या धंद्यावर भरभराटलेल्या अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं युनियन ट्रस्ट कंपनीनें १९२९ सालीं सुमारें ४० मजल्यांची इमारत उभारली. वर्ट रोलंड हा तिचा स्थपति. नारिंगी विटा, रंगीत फरशा आणि देवळाच्या सभामंडपासारखें उंच कमानदार दालन! आंत गलबला घुमूं नये म्हणून छताला घोड्याच्या केसांचा थर देऊन त्यावर रंगविलेलें कापड ताणलें होतें. लोक तिला द्रव्याचें महामंदिर म्हणूं लागले. पुढें कंपनी गार्डियन गटांत गेली व इमारतीस तेंच नांव पडलें.

परंतु १९२९ सालींच शेअरबाजार कोसळला. घरें व जमिनी यांच्या तारणावर दिलेलीं कर्जें वसूल होईनात. अखेर या कंपनीच्या अडचणीमुळें १४ फेब्रुवारी १९३३ रोजीं मिशिगनच्या गव्हर्नरास त्या राज्यांतील सर्व बँका बंद ठेवण्याचा हुकूम काढावा लागला. इमारतीला तडा गेला नव्हता. ती आजहि उभी आहे.

त्याच वर्षीं अमेरिकेनें ठेवींच्या विम्याचा कायदा केला. आपल्याकडे १९६० सालीं अकोल्याची लक्ष्मी बँक व केरळांतील पलाई सेंट्रल बँक बुडाल्या, तेव्हां कोठें सरकार जागें झालें. १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा आला. त्याची मर्यादा आरंभीं १,५०० रुपये होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती व्याजासह ५ लाख रुपये झाली. गांवोगांवच्या पतसंस्थांतील ठेवींना मात्र या विम्याचें संरक्षण नाहीं, हें विसरूं नये.

म्हणून ठेव ठेवण्यापूर्वीं दालनाची झळाळी पाहण्याऐवजीं, कर्जें कोणास दिलीं, तीं वसूल होतात काय आणि ठेवीचा विमा आहे काय, एवढें अवश्य विचारावें. घामाचा पैसा ठेवणाऱ्याचा तो हक्कच आहे.